मंडपाची परवानगी आणि एक अडलेली ना हरकत

यंदा मंडळाचं सचिवपद गळ्यात पडलं. 'हल्ली सगळं एक खिडकीवर होतं,' असं जुन्या कार्यकर्त्यांनी सांगितलं होतं. खिडकी एकच, पण तिच्यामागे महापालिका, पोलीस ठाणं, अग्निशमन आणि वाहतूक अशी चार टेबलं. त्यातल्या तीन टेबलांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगीही बिनबोभाट मिळाली. (नवीन मंडळांनी ती आधी काढा, मगच पावतीपुस्तकं छापा.)

अडलं ते वाहतुकीच्या ना हरकतीवर. नकाशात रस्त्याची रुंदी नाही म्हणून अर्ज परत. रुंदी घातली, तर मंडप रस्त्यावर किती येतो ते नाही. तेही घातलं, तर बंब आणि रुग्णवाहिका जायला किती वाट उरते ते दाखवा. अहो, तिन्ही गोष्टी एकदम सांगायला काय जात होतं? आणि साहेब कायम राउंडला. एवढं झाल्यावर फायलीतून गेल्या वर्षीची एक तक्रार निघाली, रात्रीच्या स्पीकरबद्दल. 'रहिवाशांची लेखी संमती आणा.' कुठल्या नियमात आहे, असं विचारलं तर कारकुनाचं उत्तर आलं, 'आणा, मग बघू.' अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

मग सह्यांसाठी दारोदार. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दारातच म्हणाल्या, "वर्गणीला दरवर्षी येता. विचारायला पहिल्यांदाच आलात." रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद हा कायदाच आहे, सरकार मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत देतं. आजींनी ती कुठल्या दिवशी घ्यायची यावर आमच्याशी घासाघीस केली, 'फक्त शेवटचा दिवस' असं कागदावर स्वतः लिहिलं आणि खाली सही ठोकली. त्यानंतर बाकीच्या सह्या भराभर झाल्या. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक काका मोजपट्टी घेऊन खाली उतरले, पोरांना दोन टोकं धरायला लावली आणि विजेचे खांब, गटाराची झाकणं यांसकट प्रमाणात नकाशा काढून दिला. गल्लीत असा माणूस राहतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

पुढे निर्माल्याची पाळी, आरतीची यादी, मुलांच्या स्पर्धा लोकांनीच वाटून घेतल्या. आजींच्या सांगण्यावरून जमाखर्च फलकावर लागला, तशी एरवी 'उद्या या' म्हणणारी घरं आपणहून वर्गणी देऊन गेली.

हो, सांगायचं राहिलंच: आवक क्रमांक पडलेली पोच हातात आल्याशिवाय टेबल सोडू नका. आमचा पहिला अर्ज 'आलाच नाही' असं ऐकवलं होतं, पोच दाखवली तेव्हा सापडला.

ना हरकत देताना तोच कारकून नकाशा न्याहाळत म्हणाला, "छान काढलाय. इतर मंडळांना नमुना म्हणून ठेवतो." मी झेरॉक्स दिली. मूळ प्रत मागत होता, ती नाही दिली.