‘बऱ्यापैकी’चा घोळ

दुसऱ्या फेरीचे कागद हातात आले त्या दुपारी एका काकूंचा आकडा ५०वरून ४०वर उतरलेला दिसला. मधे पाच दिवस गेले होते. “गेल्या वेळेपेक्षा हात कसा आहे?” या वेगळ्या प्रश्नाला त्यांनी “तसाच” म्हटलं होतं. हात तसाच, मग दहा गुण गेले कुठे?

पुण्यातल्या आमच्या फिजिओथेरपी ओपीडीत ‘डॅश’ या हाताच्या प्रश्नावलीच्या मराठी मसुद्याची चाचणी चालली होती. ३० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५. उत्तरांची सरासरी काढायची, त्यातून १ वजा करायचा आणि २५ने गुणायचं. ० म्हणजे काहीच त्रास नाही, १०० म्हणजे हात कामातूनच गेलेला. किमान २७ उत्तरं लागतात. शरीरसंबंधांबद्दलचा २१वा प्रश्न लोक लाजून कोरा सोडतात, तेव्हा ही तिनाची सूट कामी येते.

चाचणी म्हणजे तोच माणूस, तोच हात, तोच कागद, पुन्हा एकदा. दोन दिवसांत बोलावलं तर माणूस आधीची खूण आठवून तीच करतो. महिन्याने बोलावलं तर हात खरोखर सुधारलेला असतो. म्हणून नुकतंच प्लास्टर निघालेले पेशंट घेतलेच नव्हते. जुना टेनिस एल्बो, खांद्याचं जुनाट दुखणं, असेच निवडले होते.

दोन्ही कागद शेजारी ठेवले. बेरीज ९०ची ७८ झाली होती, पण कुठलाही एक प्रश्न कोसळला नव्हता. बारा प्रश्नांत खूण एकेक घर सरकली होती, ३वरून २वर. बाराही पहिल्या २१ प्रश्नांतले: घट्ट झाकण उघडणं, पिशवी उचलणं, पाठ धुणं. पहिला कागद काकूंनी स्वतः भरला होता. दुसऱ्या वेळी चष्मा घरी राहिला, म्हणून इंटर्नने वाचून दाखवला होता.

काकू अजून शेक घेत बसल्या होत्या. पहिला कागद दाखवून विचारलं, “इथे ‘बऱ्यापैकी’वर खूण केलीत ती कशी?”

“अहो, बऱ्यापैकी जमतंय की आता!”

तक्त्यात जागा वाचावी म्हणून आम्ही रकान्यांवर नुसतं ‘थोडा’, ‘बऱ्यापैकी’, ‘खूप’ छापलं होतं. ‘त्रास’ हा शब्द फक्त पहिल्या घरात, आणि शेवटच्या घरात ‘जमतच नाही’. त्या शेवटच्या घरामुळे अख्खी ओळ जमण्याबद्दल आहे असं वाटतं, त्यात ‘बऱ्यापैकी’मध्ये ‘बरं’ बसलेलंच. इंटर्नने मात्र “बऱ्यापैकी त्रास होतो का?” असं पूर्ण वाचलं आणि उत्तर आलं, “छे, थोडासा.”

क्रोनबाख अल्फाने, म्हणजे प्रश्नांची उत्तरं आपसात किती जुळतात हे सांगणाऱ्या आकड्याने, हे कधीच दाखवलं नसतं. सगळे प्रश्न एकाच दिशेने चुकले की त्यांचं आपसात छान जुळतं, अल्फा उलट झकास येतो. चूक पकडतो तो दोन फेऱ्यांतला फरक, आणि तोही दोन्ही कागद कोणी कसे भरले याची नोंद असेल तरच. ती नोंद आम्ही सुदैवाने ठेवली होती.

आता प्रत्येक घरात पूर्ण शब्द आहेत: ‘थोडा त्रास’, ‘मध्यम त्रास’, ‘खूप त्रास’. कागद दोन पानांचा तीन पानी झाला. कोणी भरायचा हेही पहिल्याच फेरीला ठरवून टाकतो. जुना गठ्ठा दोरीने बांधून कपाटात ठेवलाय. नव्या मसुद्याच्या आकडेवारीत त्यातला एकही कागद मिसळता येत नाही.