आईला वजन उचलू द्या

बॉस्टनला आल्यापासून एक गोष्ट दादरच्या मैत्रिणींना सांगायची राहिलीय. इथे आमच्याजवळच्या व्यायामशाळेत सकाळी सत्तरी-ऐंशीच्या बायका येतात. घोट्यांना वजनाचे पट्टे बांधून व्यायाम करतात, हात न टेकता खुर्चीतून उठतात. 'आता बसा हो जरा' असं त्यांना कुणी म्हणत नाही.

याच शहरात डॉ. मारिया फियातारोने यांनी 86 ते 96 वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला. अभ्यास 1990 साली प्रसिद्ध झाला. नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्के वाढली आणि दोघांची काठी सुटली. नव्वदीत!

आपल्याकडे आई हळू चालू लागली, बरणीचं झाकण उघडेना, ब्लाउज ढगळ झाले की 'वय झालं' म्हणून आपण गप्प बसतो. डॉक्टर याला फ्रेल्टी म्हणतात. डॉ. लिंडा फ्रीड यांनी 2001 मध्ये तिच्या पाच खुणा मांडल्या: न ठरवता घटलेलं वजन, सततचा थकवा, कमजोर पकड, मंद चाल, कमी हालचाल. तीन दिसल्या तर फ्रेल्टी. एक-दोन दिसल्या की तेव्हाच उपाय सुरू करायचे. बायकांमध्ये ही जास्त आढळते, कारण मुळात स्नायू कमी आणि पाळी गेल्यावर हाडंही झिजतात.

आणि आपण? मायेपोटी तिच्या हातातली भाजीची पिशवीसुद्धा काढून घेतो.

जेवणाचं तर विचारूच नका. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते, रात्री चहा-खारी, आणि उपासाला साबुदाणा, ज्यात प्रथिनं नावालाच. या वयात किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत. पन्नास किलोच्या बाईला 50 ते 60 ग्रॅम. पातळ वरणाने ते भागत नाही. उसळ, दही, पनीर, अंडं, मासे, जे घरात चालतं ते दोन्ही वेळच्या ताटात हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

माझ्या आईला मी उपास सोडायला सांगितलं नाही. आता त्या दिवशी दाण्याची आमटी आणि दही असतं. आठवड्यातून दोनदा भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून ती उठबस करते, मजल्यावरच्या काकूही येतात. डिसेंबरात मी येतेय. शिवाजी पार्कच्या आसपास असाल तर आईला, सासूबाईंना घेऊन या, एकत्र करू.