अण्णांचं चॅनल शोधताना

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, काचबिंदूमुळे आता जवळजवळ काहीच दिसत नाही. मिरजेत सतार-तानपुरे बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. भोपळा पारखण्यापासून सगळी कामं करायचे, पण लोक त्यांच्याकडे यायचे ते जवारीसाठी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून झंकार जुळवून घेण्यासाठी. घोडीवर कानस कुठं आणि किती फिरवायची, तारेखालचा दोरा केवढा सरकवायचा, हे सगळं कानावरच ठरतं. हात थांबले, कान अजून तसेच आहेत. त्यामुळे सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत शास्त्रीय संगीत, हा त्यांचा दिवस. ते बंद पडलं की घरात माणूस असून नसल्यासारखा होतो. म्हणून हा सगळा खटाटोप.

उपग्रहावरून येणारा, पैसे भरून ऐकायचा रेडिओ आमच्या घरात नवा नाही. मार्च २००० मध्ये एशियास्टार उपग्रह आकाशात गेला आणि वर्ल्डस्पेस या कंपनीचे रेडिओ भारतात मिळू लागले. ए. आर. रहमान यांनी त्यांची सिग्नेचर ट्यून केली होती, ती अनेकांना आठवत असेल. अण्णांनी त्यांच्या एका गिऱ्हाइकाच्या ओळखीनं सेट आणला. चपटा अँटेना पूर्वेच्या खिडकीत ठेवून, सेटवर सिग्नलची पट्टी भरेपर्यंत तो जरा जरा फिरवायचा, एवढंच काम. त्यावर 'गंधर्व' नावाचं हिंदुस्थानी संगीताचं चॅनल होतं. एल-बँडवरचं प्रसारण असल्यानं मुसळधार पावसातही आवाज तुटत नसे. ऑक्टोबर २००८ मध्ये मूळ कंपनीनं अमेरिकेत दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा थांबली. जगभरातले तिचे बहुतेक वर्गणीदार भारतातलेच होते, म्हणजे हळहळणारी घरंही इथंच जास्त असणार.

त्यानंतर आम्ही डीटीएचकडे वळलो. आमच्या कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. टीव्हीच्या चॅनलांबरोबर फक्त आवाजाची काही संगीत चॅनलं तिच्याकडे होती, वेगळे पैसे भरून. त्यातलं एक निव्वळ शास्त्रीय. प्रहर सांभाळून लावलेलं असायचं, सकाळी तोडी, संध्याकाळी मारवा, पुरिया. अण्णांची नजर तेव्हा उतरायला लागली होती. रिमोट हातात घेऊन त्यांनी चार आकडी नंबर बोटांत बसवला. रिमोटच्या पाचच्या बटणावर बारीक उंचवटा असतो. अंगठा तिथं टेकवायचा, तिथून वर, डावीकडे, पुन्हा खाली. अंधारात, झोपेत, कसाही तो नंबर त्यांना लागायचा. कुणाला हाक मारावी लागत नव्हती, आणि त्यांना तेच हवं होतं.

एके दिवशी तो नंबर दाबला तर कसलंसं प्रवचन सुरू झालं. अण्णांना वाटलं बोट चुकलं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मी स्वयंपाकघरात होते. "अगं पोरी, जरा बघतेस का, माझ्यानं लागंना झालंय," असं ते म्हणाले. इतक्या वर्षांत रिमोटसाठी त्यांनी मला बोलावल्याचं मला आठवत नाही.

यादी खाली-वर करून बघितली. शास्त्रीय नावाचं चॅनल दुसऱ्याच नंबरवर सापडलं, पण आत गझल, चित्रपटसंगीत, मध्येच फ्यूजन. अण्णांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "तानपुराच ऐकू येईना." ते खरं होतं. आवाज आधीपेक्षा जास्त दाबून पाठवत असावेत. तानपुऱ्याच्या तारांतून जो बारीक झंकार उठतो तोच आधी जातो, आणि ज्यानं जन्मभर तो झंकार काढला त्याला बाकी सगळं असून काही उपयोग नाही.

कस्टमर केअरला फोन केला. मराठीसाठी अमुक दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा, असं करत करत एक मुलगी फोनवर आली. ती म्हणाली, "मॅडम, चॅनल बंद नाही झालं, फक्त नंबर बदललाय." मी सांगितलं की नंबर बदलला तो बदललाच, आतलं संगीतही बदललंय, आणि आम्ही वर्षाचे पैसे शास्त्रीय संगीताचे भरलेत. तिच्याकडे त्याला उत्तर नव्हतं. मग आम्हाला आधी कळवलं का नाही, असं विचारलं. ती म्हणाली, "स्क्रीनवर खाली पट्टी फिरत होती ना, मॅडम."

इथं मला खरोखर संताप आला. गाणं ऐकणारा माणूस स्क्रीनकडे बघत नसतो. अण्णा तर टीव्हीचा आवाज छोट्या स्पीकरला जोडून खाटेवर पडून ऐकतात. त्यातून त्यांना दिसत नाही. ज्यांना ऐकूनच जग कळतं त्यांना वाचायची सूचना द्यायची, तीही इंग्रजीत, ही सूचना झालीच कशी? गाण्याच्या मध्ये दिवसातून दोनदा कुणी बोलून सांगितलं असतं की या तारखेपासून नंबर बदलतोय, तर अण्णांनी एका दुपारीत नवा नंबर बोटांत बसवला असता.

मी तक्रार नोंदवायला लावली आणि तक्रार क्रमांक मागून घेतला. हा क्रमांक घेतल्याशिवाय कुणी फोन ठेवू नये, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर पहिला प्रश्न तोच असतो. शोधता शोधता बरीच माहिती हाती लागली. बऱ्याच जणांना वाटतं की ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारण सेवांवर नियमन करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, तक्रार केली की काम होतं. पण ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, ती कंपनीकडेच पाठवली जाते. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथं समाधान झालं नाही तर कंपनीनं तक्रारींसाठी नेमलेला नोडल अधिकारी, हा रस्ता. त्या अधिकाऱ्याचा पत्ता आणि ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर असावा लागतो. ग्राहकांसाठीची माहिती चॅनल ९९९ वरही देतात. याशिवाय १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

ट्रायच्या २०१७ च्या नियमांत एक तरतूद सापडली तेव्हा मला वाटलं, झालं आपलं काम. एखाद्या चॅनलला दिलेला नंबर निदान वर्षभर बदलता येत नाही, अशी ती तरतूद. मी नोडल अधिकाऱ्याला सविस्तर ईमेल लिहिला. तक्रार क्रमांक, पैसे भरल्याची पावती, जुना नंबर, नवा नंबर, आणि अण्णांच्या दिव्यांग प्रमाणपत्राची प्रतसुद्धा जोडली. काय हवंय ते शेवटी वेगळं लिहिलं. जुना नंबर परत द्या, शास्त्रीय चॅनल आधीसारखं करा, नाहीतर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा.

काही दिवसांत पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांनी सगळं वाचलं होतं, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रवासात नीट ऐकून घेणारे ते पहिलेच. ते म्हणाले, "ताई, तो नियम टीव्ही चॅनलांसाठी आहे. आमची ही म्युझिक सर्व्हिस त्यात बसत नाही. नंबर मला परत देता येणार नाही. पैशांचं मात्र मी करतो." उरलेल्या काळाची रक्कम आमच्या खात्यात जमा झाली. वाद घालायला माझी तयारी होती, ग्राहक आयोगात जायचीही होती. पण अण्णा म्हणाले, "निकाल लागेपर्यंत मी ऐकू काय?"

मग मी डीडी फ्री डिशकडे वळले. हे अनेकांना माहीतच नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. फ्री डिशवर टीव्हीच्या चॅनलांबरोबर आकाशवाणीची चाळीसहून अधिक रेडिओ चॅनलं येतात. महिन्याचं भाडं काही नाही, बॉक्स आणि छत्री एकदा घेतली की झालं. त्यात 'आकाशवाणी रागम' आहे. २६ जानेवारी २०१६ ला सुरू झालेलं, चोवीस तास शास्त्रीय संगीताचं, हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही. १९५२ पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवणाऱ्या आकाशवाणीकडे ध्वनिमुद्रणं किती असतील याचा विचारच करा. मोबाइलवर न्यूज ऑन एअर ॲपमध्येही रागम लागतं, पण काचेच्या सपाट पडद्यावर अण्णांच्या बोटांना आधार मिळत नाही.

छत्री बसवायला आमच्या भागातला केबलवाला मुलगा आला. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे आमच्या गच्चीवरून आग्नेयेकडे, बराच वर. आग्नेयेला शेजाऱ्यांचं नारळाचं झाड होतं, म्हणून छत्री पाण्याच्या टाकीवर चढवावी लागली. डीटीएच काय, फ्री डिश काय, दोन्हीचं प्रसारण केयू बँडवर. पाऊस जोरात आला की सिग्नल जातोच. त्या तासाभरासाठी मी जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेतला.

रिमोटवर टीव्ही आणि रेडिओ यांची यादी बदलायचं एक बटण असतं. बसवणारी मुलं ते सहसा दाखवत नाहीत, कारण कुणी विचारतच नाही. ते दाबलं की रेडिओची यादी उघडते. अडचण अशी की ते बटण अगदी कडेला, इतर बटणांसारखंच गुळगुळीत. अण्णांनीच मार्ग काढला. एम-सीलचा ज्वारीएवढा दाणा करून त्यांनी तो त्या बटणावर बसवायला सांगितला, आणि सुकल्यावर कानशीनं स्वतः घासून बेताचा केला. बोटाला कळेल, टोचणार नाही असा. नंबर बोटांत बसायला दोन-चार दिवस लागले. पहिल्यांदा एकट्यानं रागम लावलं तेव्हा सतार चालू होती. थोडं ऐकून ते म्हणाले, "जवारी जरा जास्तच उघडी ठेवलीय." त्या दिवशी जेवण नीट झालं त्यांचं.

कर्नाटक संगीत लागलं की आधी कुरकुर करायचे. आता वीणा लागली की थांबून ऐकतात.

अर्थात नंबर बदलण्याचा प्रश्न इथंही सुटलेला नाही. फ्री डिशवरच्या खासगी टीव्ही चॅनलांच्या जागांचा लिलाव होतो, त्यानंतर यादी बदलते, बॉक्स पुन्हा स्कॅन करावा लागतो. आमच्या बॉक्सवर स्कॅन केल्यावर रेडिओचे नंबर पुढे-मागे झाले होते. म्हणून घरात मी सांगून ठेवलंय की अण्णांना विचारल्याशिवाय कुणी स्कॅनला हात लावायचा नाही, आणि लावला तर रागम कुठं गेलं ते बघून, त्यांच्या हातात रिमोट देऊन, एकदा लावून घेतल्यावरच उठायचं.

ट्राय वेळोवेळी सल्लामसलतीचे मसुदे वेबसाइटवर टाकते आणि त्यावर कुणालाही मत कळवता येतं. माझं मत मी लिहून ठेवलंय. फक्त आवाजाच्या चॅनलांनाही वर्षभर नंबर न बदलण्याचा नियम लागू करा, आणि बदलायचाच असेल तर त्याच चॅनलवर, ग्राहकाच्या भाषेत, पंधरा दिवस आधीपासून बोलून सांगा. पुढचा मसुदा आला की पाठवणार आहे. अण्णांची सही घेऊन.