नुसतं 'हाय' टाकून गायब होणारे

आमच्या इंदूरच्या विजय नगरमधल्या ऑफिसात एक जमात आहे, जी 'हाय' टाइप करते आणि गप्प बसते. म्हणजे तुम्ही 'हां बोला' म्हणेपर्यंत पुढचं येतच नाही, आणि म्हणालात की पलीकडे 'टायपिंग...' दिसतं, थांबतं, परत दिसतं, आणि बऱ्याच वेळाने कळतं की साहेबांना फक्त मागच्या महिन्याची एक्सेल शीट पाहिजे होती. भिया, एकदाच लिहा ना, 'हाय, ती शीट पाठवता का, चारपर्यंत हवी', मी हातातलं काम उरकून पाठवतो, तुम्ही पण मोकळे मी पण.

मग व्हॉइस नोटवाले. व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्ये दुप्पट स्पीडने ऐकायची सोय दिली म्हणून निभतंय, नाहीतर त्यात आधी खोकला, मग हॉर्न, मग 'छप्पन दुकानला आलोय, पोहे सांगितलेत' आणि शेवटी कुठेतरी इनव्हॉइस नंबर, तोही भराभर. अहो नंबर तरी टाइप करा, कॉपी करता येतो!

रिप्लाय ऑलवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. जीमेलमध्ये पाठवलेला मेल ३० सेकंदांपर्यंत परत घेता येतो (सेटिंगमध्ये जाऊन ५ चे ३० करावे लागतात), पण 'थँक्यू सर' अख्ख्या ऑफिसला पाठवणाऱ्याला तो परत घ्यावासा वाटतच नाही ना.

अकाउंट्समधल्या एक ताई मात्र फोन करायच्या आधी ओळ टाकतात, 'दोन मिनिटं आहेत का, टीडीएसचं विचारायचंय', आणि खरंच दोनच मिनिटं घेतात. त्यांचा फोन मी जेवताना पण उचलतो.