एमजी टीडीच्या बोल्टांसाठी मुंबई: नागदेवी आणि मटण स्ट्रीट

मित्राच्या १९५१च्या एमजी टीडी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या दुरुस्तीचं काम पुण्यात चालू आहे. खोलल्यावर दिसलं, की आधीच्या मेकॅनिक मंडळींनी हाताला लागेल तो बोल्ट ठोकलाय. मग डेक्कन क्वीनने मुंबई गाठली.

निघण्याआधी आटे ओळखायला शिका. या गाडीत तीन घराणी एकत्र नांदतात. चासीला बीएसएफ (ब्रिटिश इंची बारीक आटा), वायरिंगच्या बारीक स्क्रूंना बीए (छोट्या स्क्रूंचा ब्रिटिश आटा) आणि तिच्या एक्सपीएजी इंजिनाला चक्क मेट्रिक, तेही व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाच्या डोक्याचं! मॉरिसने कॉव्हेंट्रीचा हॉचकिस कारखाना घेतला, तिथली यंत्रं फ्रेंच मापांची. त्याचा हा वारसा. बोल्ट ८ मिमीचा, पण १३चा पाना बसत नाही आणि १४चा घसरतो. लागतो पाव इंची व्हिटवर्थ पाना (पाव इंच हे पान्याच्या तोंडाचं माप नव्हे, व्हिटवर्थ बोल्टची जाडी). शिवाय आट्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिमी. दुकानात नुसता '८चा' मागितलात तर १.२५ पिचचा हातात पडतो. तो दोन फेरे गोडीत जातो, मग अडकतो. तिथे जोर लावला की ब्लॉकचे आटे गेलेच.

नागदेवी स्ट्रीट हा हार्डवेअरचा बाजार, सीएसएमटीहून चालत जाण्याजोगा. रविवारी जाऊ नका. माप सुतात सांगा: अडीच सूत म्हणजे ५/१६, तीन सूत म्हणजे ३/८ इंच. पण सूत सांगून जाडीच कळते. ५/१६ बीएसएफला इंचाला २२ आटे, यूएनएफ या युनिफाइड आट्याला २४, आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. पिच गेज (आटे मोजायची पट्टी) आणि प्रत्येक मापाचा एकेक खात्रीचा नट खिशात ठेवाच. 'चलेगा साहब' ऐकलं की नट फिरवून बघायचा. आतल्या, न दिसणाऱ्या जागांचा माल इथूनच घ्या.

दिसणाऱ्या जागांसाठी चोरबाजार. तिथल्या मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, तो वार टाळा. एका दुकानात ग्रीसने माखलेला डबा पालथा केला. अंगठ्याने काळं पुसलं की एकेका डोक्यावर उठावाची अक्षरं वर यायची: जीकेएन, न्यूऑल, ही जुन्या ब्रिटिश बोल्ट कंपन्यांची नावं. हेच हवे होते. डोक्यावर एकमेकांना चिकटलेली तीन वर्तुळं किंवा गोल खाच असेल तर तो युनिफाइड आट्याचा. टीडीच्या चासीला नको. उत्साह दाखवलात तर भाव तिथल्या तिथे चढतो. सुटा एकेक विचारू नका, मूठभर उचलून एकच भाव करा.

स्टिअरिंग, ब्रेक आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट भंगारातून मुळीच घेऊ नका, अक्षरं कितीही अस्सल असोत. ते नवेच, इंग्लंडमधल्या एमजीच्या सुट्या भागांच्या विक्रेत्यांकडून मागवा. कस्टम ड्युटी पडेल, पडू दे.

बाकीच्यांना साधं झिंक प्लेटिंग करून घ्या. पिवळं चकचकीत नको, या गाडीवर ते उपरं दिसतं. हायटेन्साइल (जास्त ताण सोसणारे) असतील तर प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत तापवून द्यायला सांगा, नाहीतर हायड्रोजन मुरून बोल्ट ठिसूळ होतो.