हाडे मोजून काय मिळते? तुम्ही विचारलेत म्हणून

उत्खननात सापडलेल्या सांगाड्यांचा अभ्यास हे माझे काम, आणि सोलापुरात लग्नकार्यापासून बँकेच्या रांगेपर्यंत हा प्रश्न मला सर्वत्र विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या मनात दोन गोष्टी असतात: हे काम अभद्र आहे आणि निरुपयोगीही आहे. पहिलीचा मला राग येत नाही, दुसरीचा येतो.

घोडनदीकाठच्या इनामगावात १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंभांत पुरलेली बाळे सापडली. बाळाचे वय दातांच्या वाढीवरून ठरते. त्या वयाच्या मानाने मांडीचे हाड आखूड असेल, तर वाढ खुंटली होती असे म्हणता येते. कोठार सापडले तर धान्य होते एवढेच कळते. ते लेकरांच्या पोटात गेले की नाही, हे हाडांनाच विचारावे लागते. याला निरुपयोगी कसे म्हणायचे?

हे मी पूर्वी ज्या ठामपणे सांगत असे, तसे आता सांगवत नाही, आणि त्याला कारण माझी आई आहे.

माझी अक्का १९७० साली मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावी जन्मली. तिच्या वरच्या पुढच्या दातांवर एक आडवी, खोलगट रेघ आहे. नख फिरवले की लागते. दाताचे कवच एकदा तयार झाले की पुन्हा भरून येत नाही, त्यामुळे लहानपणी आजाराने किंवा उपासमारीने त्याची वाढ अडखळली, तर ती खूण कायमची राहते. ती तापाची की भुकेची, हे मात्र रेघेवरून सांगता येत नाही. तरीही मी अक्काला म्हणालो, "ही बहात्तरच्या दुष्काळाची नोंद असणार." त्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, सुकडीवर दिवस काढलेली आई शेजारी ज्वारी निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, "आन् तुझ्या दादाच्या दातावर काय आसंल रं?"

दादा माझ्या जन्माआधी, त्याच दुष्काळात, हगवणीने चार दिवसांत गेला होता. मी म्हणालो, "काही नसणार, आई. रेघ उमटायला लेकरानं त्या दुखण्यातून उठावं लागतं."

"मग त्या मडक्यातलं जे झटक्यात गेलं, ते तुला धडधाकटच दिसणार की."

ही अडचण आमच्या विषयात १९९२ सालीच सविस्तर मांडली गेली आहे, आणि मी ती विद्यार्थ्यांना शिकवीतही आलो आहे. खूण असलेला सांगाडा कदाचित अधिक तग धरलेल्या माणसाचा असतो, आणि निर्मळ सांगाडा पहिल्याच तडाख्यात गेलेल्याचा. माझ्यातला तरुण अभ्यासक यावर म्हणतो की एका खुणेवर विसंबू नये. हाडांची लांबी, डोळ्यांच्या खोबणीच्या छताला पडलेली बारीक छिद्रे, मृत्यूचे वय आणि घरांचे अवशेष हे सारे एकत्र ताडून पाहावे. त्याचे म्हणणे खरे आहे. पण मी त्याला विचारतो, जी मुले त्याच घरांत जगली, वाढली, त्यांचे बालपण मेलेल्या बाळांवरून किती ओळखता येईल? त्याच्याकडे अर्धेच उत्तर आहे, आणि माझ्याकडेही त्याहून अधिक नाही.

अभद्रपणाविषयी एवढेच म्हणतो की, ज्यांना घरच्यांनी स्वतःच्या घराच्या जमिनीत ठेवले, त्यांना आम्ही तेथून काढले, हे आईला अजून पटलेले नाही आणि ते तिला पटवून देण्याचा माझा प्रयत्नही चाललेला नाही. मोजणे मात्र मी सोडणार नाही.