बेंच सप्लायवर ५० वॅटचा रिग: चार संध्याकाळींची नोंद

गाडीत बसवायचा व्हीएचएफ रिग (बोलायचा-ऐकायचा रेडिओ सेट) आता टेबलावर, बेंच सप्लायवर (व्होल्टेज हवं तसं बदलता येणाऱ्या टेबलावरच्या डीसी पॉवर सप्लायवर) आहे. १३.८ व्होल्टवर, डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर) लावून, २० वॅटने व्यवस्थित चालतोय. इथवर यायला चार संध्याकाळी लागल्या आणि त्यांतल्या पहिल्या दोन संध्याकाळी रिग सप्लायला जोडलेलाच नव्हता. माझ्या मते वेळ खर्च करायची जागा तीच.

माझा सप्लाय ० ते ३० व्होल्ट, १० अँपियरचा, नॉबवाला. रिगच्या मॅन्युअलमध्ये १३.८ व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के असं दिलंय, म्हणजे ११.७ पासून १५.९ पर्यंत. १३.८ हा आकडा शिशाच्या बॅटरीवरून आला: सहा सेल, चार्जवर असताना प्रत्येकी २.३ व्होल्ट. गाडीत व्होल्टेज या पट्ट्याबाहेर सहसा जात नाही. टेबलावर मात्र मल्टीमीटर उचलताना कोपर नॉबला लागलं की थेट २५ व्होल्ट. रिग बंद असला म्हणून तो सुरक्षित, असंही नाही. बहुतेक मोबाइल रिगमध्ये पुढचं बटण फक्त कंट्रोल सर्किट चालू-बंद करतं; फायनल स्टेजला (ट्रान्समिटच्या शेवटच्या अँप्लिफायरला) व्होल्टेज फ्यूजमधून थेट, कायम मिळत असतं.

पहिल्या संध्याकाळी वहीत आकडेमोड करताना एक गोष्ट लक्षात आली आणि पुढचं सगळं काम तिच्यावरच बेतलं. रिगच्या केबलमध्ये १५ अँपियरचा फ्यूज आहे. आत, इनपुटवर एक उलटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आहे. प्लस-मायनस चुकून उलटे लागले तर तो डायोड कंडक्ट होतो आणि फ्यूज उडतो. ही रचना गाडीच्या बॅटरीसाठी आहे. बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपियर ओतते, फ्यूज क्षणात जातो. माझा सप्लाय १० अँपियरच्या पुढे जातच नाही. म्हणजे १५ चा फ्यूज कधीच उडणार नाही आणि डायोड १० अँपियर घेत तापत राहील, शेवटी जळेल. बेंच सप्लायवर फ्यूजचं काम करंट लिमिटलाच (सप्लाय जास्तीत जास्त किती करंट देईल, त्या मर्यादेला) करावं लागतं. फ्यूज तरीही काढला नाही. उद्या हीच केबल बॅटरीला लागेल.

म्हणून पहिल्यांदा जोडताना लिमिट १ अँपियर. रिग न जोडता आधी व्होल्टेज लावलं, मग नॉब खाली आणून टर्मिनल शॉर्ट केले आणि लिमिट ठरवलं, पुन्हा व्होल्टेज १३.८ वर आणून वेगळ्या मल्टीमीटरने तपासलं. सप्लायचा स्वतःचा डिस्प्ले ०.२ व्होल्ट कमी दाखवत होता. अशा वेळी प्लस-मायनस उलटे असते तर डिस्प्ले ०.७ च्या आसपास बसला असता, सीसीचा (कॉन्स्टंट करंट, म्हणजे सप्लाय लिमिटवर अडकल्याचा) दिवा लागला असता आणि डायोडमधून फक्त एक अँपियर गेला असता. कुणाचंच नुकसान नाही.

दुसरी संध्याकाळ क्रोबारची, म्हणजे व्होल्टेज फार वाढलं की टर्मिनल शॉर्ट करून ते पाडणाऱ्या सर्किटची. माझ्या सप्लायला ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन नाही, त्यामुळे टर्मिनलजवळ एक एससीआर (गेटवर इशारा मिळताच चालू होऊन चालूच राहणारा स्विच), १५ व्होल्टचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजच्या वर कंडक्ट होणारा डायोड) आणि गेटवर छोटा रेझिस्टर-कपॅसिटर असं सर्किट बसवलं. कपॅसिटर हवाच, नाहीतर ट्रान्समिट करताना आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) शिरून एससीआर विनाकारण पेटतो, म्हणजे चालू होतो. रिग न जोडता नॉब हळूहळू वर नेला: १५.६ वर एससीआर पेटला आणि व्होल्टेज १.१ वर कोसळलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. इथेही फ्यूजचा तोच हिशोब लागतो. सप्लाय १० अँपियरवर अडकतो, फ्यूज शाबूत, आणि सप्लाय बंद करेपर्यंत एससीआर जवळजवळ ११ वॅट उष्णता सोसत बसतो. म्हणून त्याला हीटसिंक लावला. या सर्किटच्या बहुतेक आकृत्यांत हीटसिंक नसतो, कारण तिथे फ्यूज उडेल असं गृहीत धरलेलं असतं.

तिसऱ्या संध्याकाळी रिग जोडला. रिसीव्हला ०.५ अँपियर, सगळं शांत. लिमिट ३ अँपियरवर नेलं, डमी लोड लावून ५ वॅटवर पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबलं, आणि रिग रीस्टार्ट. पुन्हा दाबलं, पुन्हा रीस्टार्ट. रिग बिघडला असं वाटून पोटात गोळा आला. नंतर डिस्प्लेवर नजर ठेवून दाबलं तेव्हा कळलं: रिगला ३ पेक्षा थोडा जास्त करंट हवा होता, सप्लाय सीसीत जात होता, व्होल्टेज पडत होतं. लिमिट ५ वर नेलं आणि प्रश्न मिटला. तुमचा रिग टेबलावर पीटीटी दाबताच बंद पडत असेल तर उघडण्याआधी सीसीचा दिवा बघा.

२० वॅटला ६ अँपियर लागले. लिमिट आता ८ वर आहे. पूर्ण ५० वॅटला ११ च्या आसपास लागतात, ते या सप्लायचं काम नाही, आणि मी तो प्रयत्न करणारही नाही.

वायरींबद्दल थोडं. सुरुवातीला १ चौरस मिलिमीटरची दीड-दीड मीटर वायर आणि क्रोकोडाइल क्लिप होत्या. ६ अँपियरला सप्लायवर १३.८ आणि रिगच्या प्लगवर १३.१. त्यातला निम्मा ड्रॉप नुसत्या क्लिपांचा, शिवाय एक क्लिप हाताला गरम लागली. आता ४ चौरस मिलिमीटरची एकेक मीटर वायर, टोकांना क्रिम्प केलेले लग, टर्मिनलला स्क्रूने घट्ट. प्लगवर १३.६५ मिळतात. क्लिप फक्त मोजमापासाठी वापरा. एखादी निसटून रिगच्या बॉडीला टेकली तर काय होईल ते सांगायला नको.

मायनसबद्दल एकच: रिगची बॉडी, कोअॅक्सची (अँटेनाच्या केबलची) शील्ड आणि मायनस आतून जोडलेलेच असतात. अँटेना अर्थ केलेली असेल तर सप्लायच्या प्लसला हिरव्या (अर्थच्या) टर्मिनलशी जोडणारी पट्टी नाही ना, हे आधी बघा.

चौथ्या संध्याकाळी अँटेना लावली. खोलीतल्या अँटेनावर ट्रान्समिट करताच सप्लायचा डिस्प्ले नाचायला लागला. डीसी केबल फेराइटमधून (आरएफ अडवणाऱ्या चुंबकीय कड्यातून) तीनदा फिरवली, थोडा फरक पडला. अँटेना बाहेर नेल्यावर पूर्ण थांबलं. नॉबवर आता प्लास्टिकचं झाकण आहे. रिसीव्हवर मात्र सप्लाय चालू असताना १४५ मेगाहर्ट्झजवळ एक बारीक खरखर येते, बॅटरीवर ती नसते. ती सप्लायच्या पंख्याची की त्याच्या आतल्या स्विचिंग सर्किटची, हे पंख्याची वायर काढून, रिसीव्हवर मिनिटभरच, या आठवड्यात तपासतोय.